रिकामा डबा

"मी काहीच खात नाही," मी सांगितलं.

टेबलापलीकडच्या बाईंनी पेन खाली ठेवलं. दारावर पाटी होती, नाझनीन बागवान, आहारतज्ज्ञ. पाटी वाचून आत कुणी काटकुळी बाई असेल असं मी धरून चाललो होतो. या तर चांगल्या भरलेल्या होत्या. मनात म्हटलं, या आपल्याला कमी खायला शिकवणार.

"काहीच नाही?"

"काहीच नाही. बायको गेल्यापासून घरात गॅस पेटलेला नाही."

"सकाळी चहा?"

"कोपऱ्यावरून थर्मास भरून आणतो."

"चहाबरोबर?"

"खारी. पण ते काय खाणं नव्हे."

"बरं. दुपारी?"

"शेजारचे डबे येतात. त्यातलं चिमूटभर घेतो."

"किती डबे?"

"सहा. कधी सात."

"संध्याकाळी?"

"दुपारचं उरलेलं संपवतो. अन्न टाकवत नाही."

"आणि रात्री?"

"रात्री काही नाही. संध्याकाळचे डबे असतात तेवढेच."

मी जन्मभर एसटीच्या डेपोत मेकॅनिक होतो. ड्रायव्हर येऊन सांगायचे, मी काही केलं नाही, गाडी आपोआप बंद पडली. तेव्हा मी त्यांच्याकडे जसा बघायचो, तशा बाई माझ्याकडे बघत होत्या.

"काका," त्या म्हणाल्या, "तीन महिन्यांची साखर साडेदहा आलीय. हवा खाऊन एवढी वाढत नाही."

 डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या आणि वर इकडे पाठवलं होतं. डॉक्टरांचं मी ऐकलं नसतं. पण ती साडेदहा माझ्या मुलीला, शैलजाला, फोनवरून कळली होती. ती पुण्याला असते, अकराव्या मजल्यावर. ती म्हणाली होती, "अण्णा, तीन महिन्यांनी परत रक्त तपासायचं. साखर उतरली नाही तर मी टेम्पो घेऊन येते. सामानासकट न्यायचं तुम्हाला." ती आईवर गेली आहे. टेम्पो म्हटलं की टेम्पो.

पुण्याला जायला माझी ना नव्हती, असं लोकांना सांगायचो. पण होती. इथे तासगावात मी भाजी आणायला निघालो तरी कुणीतरी थांबवून मालनचं, माझ्या बायकोचं, नाव काढतं. अकराव्या मजल्यावर तिला ओळखणारे आम्ही दोघंच, आणि त्यातली शैलजा दिवसभर ऑफिसात.

हे मी बागवानबाईंना सांगितलं. निदान टेम्पोचं तरी सांगितलं.

"मग असं करू," त्या म्हणाल्या. "उद्या तुमच्याकडे जे जे येईल, ते हात न लावता माझ्याकडे घेऊन या. सगळं."

"इथं?"

"होय की. त्याशिवाय मला कळायचं कसं?"

दुसऱ्या दिवशी दुपारी मी स्कूटरला पुढे दोन आणि मागे दोन पिशव्या अडकवून दवाखान्यात गेलो. बाहेर बाकड्यावर पेशंट बसले होते. मी पिशव्या उतरवायला लागल्यावर शिऱ्याचा वास सगळीकडे सुटला. एक म्हातारे गृहस्थ उठून उभे राहिले.

"दवाखान्याकडून जेवण आहे का आज?" त्यांनी विचारलं. "मला अळणी लागतं."

"माझं आहे," मी म्हणालो.

"सगळं?" असं म्हणून ते परत बसले, आणि मी आत जाईपर्यंत माझ्याकडे बघत राहिले.

बाईंनी डबे टेबलावर ओळीने मांडले. आमच्याकडे भांड्यांवर नावं घातलेली असतात, हे एक बरं असतं. बाई शाळेत हजेरी घेतात तसं वाचत गेल्या. "जंगम. यांचा शिरा. लता माळी. बटाट्याची भाजी, चपात्या आणि गुळाचा खडा. हा कोण? 'चि. मंगेशच्या बारशानिमित्त'. मंगेशकडून साबुदाण्याची खिचडी. हे पातेलं कुणाचं? कोष्टी. मसालेभात. वर ताट झाकलंय. यांच्याकडे डबा नाही वाटतं?"

"आहे," मी म्हणालो.

"मग पातेल्यातून का पाठवतात?"

"पाठवतात," मी म्हणालो आणि खिडकीबाहेर बघितलं.

बाईंनी एक ताट घेतलं. "आता तुमचं चिमूटभर वाढा. रोज घेता तेवढंच."

मी वाढलं. प्रत्येक डब्यातलं थोडं थोडं. एकाचं घेतलं आणि दुसऱ्याचं नाही घेतलं तर बरं दिसत नाही. ताट भरलं. शिरा भातावर चढला आणि एक चपाती कडेनं खाली लोंबायला लागली. आम्ही दोघंही त्या ताटाकडे बघत बसलो. डेपोत एवढा माल चढवलेल्या गाडीला मी बाहेर सोडलं नसतं.

"आणि त्या छोट्या पिशवीत काय आहे?"

"बेदाणे. ते माझे नाहीत, डबे परत द्यायचे असतात त्यात घालायला."

हे त्यांना नीट सांगावं लागलं नाही, त्याही तासगावच्याच. घरात दुःख झालं की शेजारचे जेवण पाठवतात. तेरा दिवस आमच्याकडे आलं. ते डबे मी परत दिले तेव्हा प्रत्येकात मूठभर बेदाणे घातले. डबा रिकामा परत देत नाहीत. बेदाणे बघून लोकांना वाटलं, माणूस एकटा पडला तरी रीत विसरला नाही, त्यांनी पुन्हा डबे भरून पाठवले. मी पुन्हा बेदाणे घातले. हे पाच-सहा महिने चाललं होतं.

"एक डबा भरून दाखवा," बाई म्हणाल्या.

मी जंगमांच्या डब्यातला उरलेला शिरा दुसऱ्या डब्यात काढला, डबा पुसला आणि बेदाणे भरले. झाकण लावून वर बघितलं तर बाई तोंडावर हात ठेवून हसत होत्या.

"काय झालं?"

"काका, तोंडात काय आहे?"

तोंडात बेदाणे होते. कधी गेले ते मला खरंच कळलं नव्हतं.

"अशा रोज किती मुठी होतात, ते तुम्हीच बघा," त्या म्हणाल्या. "माझे अब्बा मंडईत द्राक्षं विकतात. लहानपणी मीही तराजूत टाकता टाकता खायची. त्याचा परिणाम तुम्ही बघताच आहात. म्हणून मला लगेच दिसलं."

मला त्यांचं हे आवडलं. स्वतःवर बोलणाऱ्या माणसाचं ऐकायला जड जात नाही.

मग त्यांनी समजावून सांगितलं. गोळ्या चालूच ठेवायच्या. गोड आणि पिठूळ थोडं, भाज्या आणि कडधान्य जास्त. चालायचं. हे सगळं डॉक्टरही बोलले होते. पुढचं मात्र त्यांचं स्वतःचं होतं. "खरं दुखणं या डब्यांच्या येरझाऱ्यांत आहे. तुम्ही भरून देता म्हणून ते भरून पाठवतात. उद्यापासून डबे धुऊन रिकामे परत करा. महिन्यात सगळं थांबेल."

"ते जमायचं नाही."

"लाज वाटते?"

"नाही."

"मग काय अडचण आहे?"

"जमायचं नाही एवढंच."

"पुणं जमेल?"

 त्यांनी पेन उघडलं, मिटलं, परत उघडलं. मी उठून जाईन असं त्यांना वाटलं असावं. मलाही तसंच वाटत होतं.

"बरं," त्या शेवटी म्हणाल्या. "भरूनच द्यायचे ना? द्या. पण बेदाणे नाहीत. स्वतः शिजवलेलं द्यायचं. मोड आलेल्या मटकीची उसळ. आधी एक वाटी तुम्ही खायची, काकडी-टोमॅटोबरोबर. मग बाकीचं चाखायचं असेल तर चाखा. उरलेली उसळ डब्यांत. आणि डबे स्कूटरवर न्यायचे नाहीत. चालत जायचं, एका वेळी एकच डबा."

"एकाच गल्लीत सात खेपा?"

"तुम्हाला फिरायला जा म्हटलं तर जाल?"

"नाही."

"म्हणूनच."

"मला स्वयंपाक येत नाही हो."

"इंजिन उतरवता येतं ना? मटकीला तेवढे भाग नसतात."

मी घरी येताना दुकानातून हिरवं धान्य घेतलं. मटकी मागायला गेलो होतो, पण दुकानदार म्हणाला मटकी संपली, मूग चालेल का? मी म्हटलं, चालेल. समोरच्या पोत्यात हिरवं दिसलं, बोट दाखवलं, त्यानं बांधून दिलं. घरी ते भिजवलं. मग स्वच्छ फडक्यात गच्च बांधून ठेवलं, मालन ठेवायची तसं. दुसऱ्या दिवशी सोडून बघितलं. मोड नाहीत. पुन्हा बांधलं. तिसऱ्या दिवशी मोड नाहीत, वास मात्र आला. मला वाटलं, गाठ सैल पडली असेल. आवळून बांधलं. चौथ्या दिवशी गल्लीतलं मांजर खिडकीशी येऊन परत गेलं.

मी ते गाठोडं तसंच घेऊन बागवानबाईंकडे गेलो. त्यांनी उघडलं, आणि लगेच मिटलं.

"काका, ही डाळ आहे."

"हिरवी आहे की."

"सालाची मूगडाळ आहे. दाणा फोडून दोन भाग केलेत. याला मोड कसे येणार? वर्षभर बांधून ठेवलंत तरी यायचे नाहीत."

"मला कुणी सांगितलं नाही."

"सांगायचं असतं हेच कुणाला सुचलं नाही," त्या म्हणाल्या, आणि उठून त्यांनी खिडकी उघडली. बाहेरच्या बाकड्यावर ते अळणीवाले गृहस्थ होते. ते म्हणाले, "आज काय आणलंय?" आणि मग वास आल्यावर म्हणाले, "राहू दे."

पुढच्या वेळी अख्खी मटकी आणली. तिला मोड आले. सकाळी फडकं सोडलं तेव्हा आतून पांढरी शेपटं बाहेर आलेली. मी बराच वेळ बघत उभा राहिलो. घरात आपण काही केलं आणि ते झालं, असं बऱ्याच दिवसांनी घडलं होतं.

उसळ मात्र वाईट झाली. मिठाचा अंदाज नव्हता. बाईंनी कागदावर चमचा लिहिला होता. माझ्याकडे चमचे बरेच होते, त्यातला मी आमटीचा धरला. खालून करपली, वरून कच्ची राहिली. पण सांगितलेलं काम पुरं करायचं ही डेपोतली सवय. एक वाटी मी कशीबशी खाल्ली, तांब्याभर पाणी प्यायलो, आणि बाकीची डब्यांत भरून एकेक डबा घेऊन निघालो. सात खेपा झाल्या. शेवटच्या खेपेला पाय दुखले.

आठवडाभर हाच उद्योग. मग गल्लीत फरक दिसायला लागला. जंगमकाकू मला रस्त्यात थांबवून म्हणाल्या, "गुरवभावजी, डबा रिकामाच द्या हो. उगाच कशाला तुम्हाला त्रास?"

"त्रास कसला? पुष्कळ होते उसळ."

"नाही, पण आमच्या ह्यांना मटकी सोसत नाही."

"मग उद्या मुगाची करतो."

काकूंचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवशी त्यांचा डबा आला नाही. माळ्यांची सून म्हणाली, आज आम्ही बाहेर जेवणार. ते घर त्यानंतर रोजच बाहेर जेवायला लागलं असावं. मंगेशच्या बारशाचा डबा एकदा भरून गेला तो परत आलाच नाही. फक्त कोष्टीवहिनींचं पातेलं येत राहिलं, रोजचं नव्हे, पण येत राहिलं. पातेलं परत देताना मी त्यातही उसळ घालत होतो. वहिनी एकदा एवढंच म्हणाल्या, "फोडणीत कांदा लाल होऊ द्या भावजी, मग मटकी टाका."

डबे कमी झाले तशी पंचाईत झाली. घरात खायला स्वतःच केलेलं. मग ते नीट करणं भाग पडलं. मिठाचा चमचा ठरला. कांदा लाल व्हायला लागला. पुढे ज्वारीची भाकरी थापायला शिकलो. ती कुठल्या देशाच्या नकाशासारखी व्हायची, पण पोटात गेल्यावर सगळे देश सारखेच. डबे नसल्यामुळे खेपाही बंद झाल्या. तर पायांना चैन पडेना. संध्याकाळी मी रिकाम्या हातांनीच गल्लीच्या टोकापर्यंत जायला लागलो, मग ओढ्यापर्यंत.

तीन महिन्यांनी रक्त दिलं. शैलजा सकाळच्या गाडीनं आली, टेम्पोवाल्याशी फोनवर बोलूनच. आम्ही दोघं रिपोर्ट घेऊन बागवानबाईंकडे गेलो. वाटेत मी कागद उघडला नाही. शैलजानंही मागितला नाही. बाईंनी तो घेतला, वाचला, आणि माझ्यापुढे फिरवून ठेवला. सात पूर्णांक एक.

शैलजा म्हणाली, "हा अण्णांचाच आहे ना?"

"नाव वाच," मी म्हणालो. "वसंत गुरव. अजून बदललेलं नाही."

"अजून थोडी उतरायला पाहिजे," बाई म्हणाल्या. "पण चांगलंय. फार चांगलंय." मग शैलजाकडे बघून म्हणाल्या, "घरी गेल्यावर यांच्या हातची उसळ खा, आणि मग टेम्पोचं ठरवा."

मी विचारलं, "बाई, एक सांगा. डबे बंद होतील हे तुम्हाला आधीच माहीत होतं?"

बाई हसल्या. "काका, माणसाची पहिली उसळ कुणालाच आवडत नाही. माझी भिस्त तिच्यावरच होती."

शैलजा इतकी हसली की बाहेरच्या बाकड्यावरून आवाज आला, "काय झालं?"

हसणं थांबल्यावर बाई म्हणाल्या, "आता तुम्ही सांगा. डबा रिकामा द्यायला का तयार नव्हता? मी बरीच माणसं बघितली, भाताचा हट्ट धरणारी, साखरेचा हट्ट धरणारी. डब्याचा हट्ट धरणारे तुम्ही पहिलेच."

"सांगीन," मी म्हणालो.

घरी आल्यावर शैलजाला वाढलं. ती मुकाट्यानं जेवली. मग उठून गॅलरीत गेली आणि टेम्पोवाल्याला फोन करून नको म्हणाली. मी आतल्या कपाटातून एक डबा काढला. मध्यम, उभा, झाकणावर 'सुलभा कोष्टी'.

मालन दवाखान्यात होती तेव्हा कोष्टीवहिनी रोज या डब्यातून तिच्यासाठी पेज आणायच्या. शेवटच्या दिवशी तिनं दोन चमचे घेतली. मी नळावर डबा धुऊन आलो आणि पुसून पिशवीत ठेवत होतो. ती म्हणाली, "वहिनींचा डबा तसाच देऊ नका. काहीतरी करून द्या." मी म्हटलं, "घरी आल्यावर तूच कर." त्यावर ती हसली. नंतर बोलली नाही. माणसं जाताना काय काय सांगून जातात म्हणे. आमच्या हिनं डब्याचं सांगितलं.

करून द्या, म्हणाली होती. बेदाणे घालून तो डबा देता आला असता. बाकीच्यांचे दिलेच. हा देता येईना. आणि हा राहिला होता म्हणून दुसरा एकही तसाच द्यायला हात धजत नव्हता.

मी डबा पुन्हा धुतला, पुसला, उसळ भरली, आणि चालत गेलो. मधे चारच घरं आहेत.

कोष्टीवहिनी अंगणात धुणं वाळत घालत होत्या. हातातला डबा बघून त्यांनी ओली चादर तशीच बादलीत टाकली.

"अगंबाई. हा डबा?"

"कपाटात होता."

"मला वाटलं दवाखान्यातच राहिला. मागायला जीभ उचलली नाही भावजी. उगाच तुम्हाला सगळं आठवेल."

"मालननं सांगितलं होतं, तसाच देऊ नका, काहीतरी करून द्या. वेळ लागला जरा."

वहिनींनी झाकण उघडलं, आणि चेहरा थोडा सावध झाला.

"उसळ?"

"पहिलीसारखी नाही."

"ती खाऊन आमच्याकडे रात्रीपर्यंत सगळे पाणीच पीत होते," त्या म्हणाल्या. त्यांनी बोटानं थोडी घेऊन चाखली. वेळ घेऊन चाखली.

"गूळ नाही घातला?"

"मला बंदी आहे."

"मालनताई घालायच्या." त्या थांबल्या. "ही तुमची आहे. चांगली झालीय."

एवढं बोलून त्या डबा घेऊन आत गेल्या आणि आत भांड्यांचा बराच आवाज करत राहिल्या. मी अंगणात उभा राहिलो. मग बादलीतली चादर पिळून दोरीवर टाकली आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी शैलजाला गाडीत बसवून परत आलो तर कट्ट्यावर तोच उभा डबा. झाकण उघडलं. आत बेसनाचे लाडू, वरपर्यंत भरलेले.

मी अर्धा लाडू खाल्ला. राहिलेले अळणीवाल्या गृहस्थांना नेऊन द्यायचे ठरवले. डबा धुऊन पालथा घातला, आणि मटकी भिजत टाकली.